अक्कलदाढ काढावी काय?

मनुष्याच्या मुखात सर्वांत शेवटी उगवणारी दाढ म्हणजे अक्कलदाढ होय. ती सामान्यतः 17 ते 25 या वयात हिरडीबाहेर येते. तोपर्यंत जबड्यातील जागा इतर दातांनी व्यापलेली असल्यामुळे ती पुष्कळदा तिरपी वा आडवी राहते, अर्धीच बाहेर पडते किंवा हाडातच गाडलेली राहते. काहींना ती मुळीच येत नाही.

रायपूर येथील सदर बाजारात सराफांच्या पेढ्या आहेत. अशा एखाद्या पेढीवर बसणारा बावीस वर्षांचा तरुण कल्पावा. त्याला सुपारी चघळण्याची सवय आहे, डाव्या बाजूची दाढ ठणकते आहे आणि तोंड पुरते उघडत नाही. दाढ काढली की तोंड मोकळे होईल, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत खरी असेल, अथवा घातकही ठरेल. कारण तोंड न उघडण्याची येथे दोन निरनिराळी कारणे संभवतात.

अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवर हिरडीचा पडदा राहतो. त्याखाली अन्नकण अडकून जंतू वाढले, की हिरडी सुजते, गिळताना दुखते, प्रसंगी ताप येतो आणि जबडा एकदोन दिवसांतच आखडतो. सूज ओसरली, की तोंड पूर्ववत उघडते.

दुसरे कारण सुपारीचे होय. 1952 साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये, व 1953 साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी, गालाच्या व टाळूच्या आतील नाजूक त्वचेखाली घट्ट तंतू साचण्याच्या एका विकाराचे वर्णन केले. यात प्रथम तिखट पदार्थांनी तोंड जळजळते, पुढे गालाची आतील बाजू पांढुरकी व ताठर होते आणि तोंडाचे उघडणे महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत जाते. वेदना बेताचीच असल्याने रुग्ण दुर्लक्ष करतो. या विकारातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. अक्कलदाढ काढल्याने हा विकार हटत नाही. आणि तो आहे हे न ओळखता दाढेच्याच मागे लागले, तर मोलाचा काळ मात्र जातो.

घरीच करण्याजोगी एक परीक्षा आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये उभी घालून पाहावीत. निरोगी प्रौढाची तीन बोटे बहुधा मावतात. ती मावेनाशी झाली असतील, तर दाढ दुखत नसली तरी दंतवैद्याकडे जावे. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आता मूळ प्रश्न. हिरडीचा दाह वारंवार होणे, किंवा एकदाच पण तीव्र होणे. दाढेत अथवा तिच्या शेजारच्या दाढेत भरता न येणारी कीड लागणे. मुळाभोवती द्रवाची पिशवी होणे, ही दाढ काढण्याची सबळ कारणे होत. इंग्लंडमध्ये 2000 साली शासकीय मार्गदर्शनाने निरोगी गाडलेल्या दाढा केवळ खबरदारीखातर काढू नयेत असे ठरविले. पुष्कळ शल्यविशारद मात्र तरुणपणीच काढण्याच्या मताचे आहेत. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे, कारण विशीच्या सुमारास मुळे पूर्ण झालेली नसतात व जखम लवकर भरते. निरोगी दाढेविषयीचा हा वाद निकालात काढील इतका पुरावा अद्याप जमलेला नाही. तेव्हा अशी दाढ राखून तिची ठराविक काळाने तपासणी करीत राहणे गैर नव्हे. अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे होतात, किंवा ती काढल्याने दृष्टी मंदावते, या समजुतींना मात्र आधार नाही.

खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठास व हनुवटीस संवेदना देणारा मज्जातंतू जातो. त्याला इजा झाल्यास ओठ बधिर होतो. बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत तो सुधारतो, क्वचित कायम राहतो. म्हणून आधी क्ष-किरण चित्र घेऊन मूळ व मज्जातंतू यांतील अंतर पाहतात. ते अत्यल्प असल्यास केवळ माथा कापून मुळे जागीच ठेवण्याचीही पद्धत आहे.

सुपारीच्या विकारात हा हिशेब बदलतो. तोंड जसजसे आवळते तसतशी मागील दाढेपर्यंत हत्यार पोहोचविणे कठीण होते. अशा रुग्णाची दाढ त्रासदायक असेल, तर ‘पुढे पाहू’ म्हणणे महागात पडते. तंतू मोकळे करण्याची शस्त्रक्रियाच करावी लागली, तर अक्कलदाढा पुष्कळदा त्याच वेळी काढतात; नाहीतर त्या गालात बसविलेल्या नव्या मांसाला टोचतात. सुपारी मात्र दाढेचा निर्णय होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी सोडावी लागते. ताठरलेला भाग त्याने सहसा पूर्ववत होत नाही. विकाराची पुढील वाढ मंदावू शकते.