न्यायाचे अर्थ

पंगतीत सर्वांना सारखे वाढणे हा न्याय. आजाऱ्याला पेज देणे हाही न्यायच. एवढे आम्ही वसतिगृहातच शिकलो. तिसरा अर्थ अधिक कठीण. १९५४ साली आपल्या भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जागा दोन, मतदाराला मतेही दोन. बाबासाहेब राखीव जागेसाठी, तर अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. दुसरे मत कुजवावे, असे काही कार्यकर्त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी ते मानले नाही, असे सांगतात. १९५२ मध्ये मुंबईत मते कुजविली गेली, तेव्हा या दोघांनीच निवडणूक अर्ज करून दाद मागितली होती. भंडाऱ्यात मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. त्या पराभवाची हळहळ आमच्या घरांतून अजून गेलेली नाही.