पाण्याच्या रात्री त्याला उठव

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, इथं लोक वारानं नाही, पाण्यानं दिवस मोजतात." बरोबर ओळखलंस. पाहुण्यांना कधी बोलवायचं? पाणी झाल्यावर. चादरी कधी धुवायच्या? पाण्याच्या दिवशी. पुण्यात वाढलेल्या मुलीला हे नवल वाटणारच. मला सोलापुरात येऊन बावीस वर्षं झाली, तरी रात्री नळातून हवा सुटल्याचा 'सूंऽऽ' आवाज आला की आजही झोपेतून ताडकन उठते.

तुझ्या लग्नात सगळ्यांनी तुला खूप सल्ले दिले. सासूशी गोड बोल, नवऱ्याच्या आवडीचं कर, रुसू नकोस. मी गप्प होते, कारण मला जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगते.

उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर लांबून आपल्याकडे येतं. टाकळीहून भीमेचं आणि थोडं हिप्परग्याच्या तलावाचं येतं, तरी गावाला पुरत नाही. म्हणून चार-पाच दिवसांआड पाणी, आणि तेही कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. समांतर जलवाहिनीची चर्चा ऐकत माझी मुलं मोठी झाली. तेव्हा पाणी भरणं हे या गावात घरकामातलं एक काम नाही. पूर्ण घर त्यावर उभं असतं.

लग्नानंतरची माझी पहिली पाण्याची रात्र मला लख्ख आठवते. आम्ही तेव्हा साखर पेठेत राहत होतो. अडीचच्या सुमाराला गल्लीत कुणीतरी कानडीत हाक दिली, "नीरु बंतु!" पलीकडच्या माडीवरून तेलुगूत तीच हाक आली आणि मग मराठीत, "पाणी आलंय गं!" मी उठले. पहिलं गढूळ पाणी सोडून दिलं, पिण्याच्या घागरीवर फडकं बांधलं, मग पिंप, मग हौद, मग बादल्या, पातेली, तांब्यासुद्धा. साडेचारला आटपलं. घर झोपलेलं होतं. सकाळी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून कामाची आहे हो." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! त्या एका कौतुकापायी मी सात वर्षं एकटी उठत राहिले.

आठव्या वर्षी एका पाण्याच्या रात्री मला ताप होता, चांगला फणफणून. पाणी आलं आणि गेलं. कुणालाच जाग आली नाही. पुढचे पाच दिवस शेजारून मागून आणलेल्या कळशांवर आणि विकतच्या टँकरवर काढले. त्या सकाळी घरातल्या प्रत्येकानं मला विचारलं, "पाणी का नाही भरलं?" तुला ताप आहे का, हे कुणी विचारलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन रडले. पण रडता रडता एक गोष्ट लक्षात आली. ही माणसं वाईट नव्हती. पाणी भरणं हे काम आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण मी ते त्यांना कधी दिसू दिलं नव्हतं. रात्री होणारं काम सकाळी उठणाऱ्याला आपोआप झालेलंच वाटतं.

म्हणून तुला कळकळीनं सांगते, पहिल्या वर्षात जे काम तू न बोलता अंगावर घेशील ते जन्मभर तुझंच राहील. मग मागाहून सांगायला गेलीस तर तेच लोक म्हणतील, 'आता का बदलली?' नवऱ्याला आत्ताच सांग, आणि टोमणा न मारता सांग. "मी मोटार लावते, पिण्याचं पाणी तू गाळून भर." एवढंच. आणि एकदा त्याच्याकडे दिलंस की पूर्ण दे. तो फडकं सैल बांधेल, अर्धी घागर सांडेल, हौदाचं झाकण उघडं ठेवेल. ठेवू दे. त्याच्या मागोमाग जाऊन तू झाकण लावलंस की काम परत तुझ्याकडे आलं, हे लिहून ठेव. तिसऱ्या खेपेला तो आपणहून झाकण लावतो. आमच्याकडे तर आता मोठा मुलगा पाण्याच्या रात्री गजर लावून झोपतो, आणि पुढं त्याच्या बायकोला हे नवं वाटणार नाही.

हो, भांडण व्हायचं असेल तर त्या रात्री नको. अर्धवट झोपेत माणूस जे बोलतो ते पुढं वर्षानुवर्षं सलतं. सकाळी चहा झाल्यावर बोला, पण बोला. दोन-दोन दिवस अबोला धरून बसू नका.

सासूबाईंबद्दल तू काही बोलली नाहीस, पण तुझ्या आवाजावरून मला कळलं. अगं, त्यांच्या पिढीनं गिरणीच्या भोंग्यावर घर चालवलंय. पाळी कुठली, डबा कधी, हे सगळं भोंगा ठरवायचा, आणि पाणी सार्वजनिक नळावरून डोक्यावर यायचं. तुझ्या घरात पाणी येतं, मोटार आहे, तरी तू दमतेस, हे त्यांना पटकन कळत नाही. त्यांना विचार, तेव्हा कसं भरायचात? विचारून बघ. मी विचारलं तेव्हा माझ्या सासूबाई पहिल्यांदा आपल्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. आणि त्यांच्याकडून कडक भाकरी शिकून घे. मालदांडीचं पीठ, पातळ थापलेली भाकरी, मंद आच आणि तव्यावर फडक्यानं दाबत राहण्याचा धीर. ती पंधरा दिवस टिकते. पाणी नसलेल्या दिवशी कणीक भिजवायची, परात धुवायची चैन आपल्याला परवडत नाही. शेंगाची चटणी, दही आणि कडक भाकरी असली की दोन माणसांचं जेवण झालं. या गावच्या बायकांनी हे हौसेनं नाही, गरजेनं शोधलंय.

आता पैशाचं. इथं जरा थांब आणि नीट ऐक.

उन्हाळ्यात पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं छापून येतं ना, त्याचा अर्थ आमच्या घरात मुलांनाही कळतो. धरण भरलं की त्यात साधारण 117 टीएमसी पाणी असतं, आणि त्यातलं 63 टीएमसीच्या वर पाणी मृतसाठा. पाणी त्यात उतरलं की 'मायनस'. नाव मृतसाठा, पण दुष्काळाच्या साली गाव त्याच्यावरच जगतं. मी घरात तसाच साठा ठेवते. पगार झाला की पहिल्या दिवशी एक ठरलेली रक्कम पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. ती लग्नाला नाही, फ्रीजला नाही, गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या मानपानाला तर मुळीच नाही. (जानेवारीत संक्रांतीचं वाण आणि सिद्धेश्वराची यात्रा एकदमच येते. तो खर्च दिवाळीपासून वेगळा काढत जा, म्हणजे साठ्याला हात लागत नाही.)

माझे यजमान टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. 2020 च्या टाळेबंदीत माग बंद पडले आणि घरात येणारा पैसा थांबला. चार महिने आम्ही त्या ठेवीवर काढले. कुणापुढं हात पसरला नाही, दागिना गहाण ठेवला नाही. एका रात्री हे वहीत हिशोब बघत बसले होते. म्हणाले, "मला माहीतच नव्हतं गं एवढं साठलंय." मला आनंदही झाला आणि लाजही वाटली. आनंद साठल्याचा, लाज त्यांच्यापासून लपवल्याची. बायका डाळीच्या डब्यात पैसे लपवतात त्याला लोक हुशारी म्हणतात. मला आता ते पटत नाही. साठा असावा, पण दोघांना दिसावा. त्यावर हात मात्र दोघांनी विचारूनच टाकावा.

आणि कागद बघ. तुझे दागिने आणि लग्नात तुला मिळालेल्या भेटी हे तुझं स्त्रीधन आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यावर तुझी पूर्ण मालकी आहे, ते सासूबाईंच्या कपाटात असले तरी. बँकेचं खातं दोघांच्या नावानं काढा, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. 'नॉमिनी' म्हणून नाव लागलं की आपण मालक झालो असं बऱ्याच जणी समजतात. तसं नसतं. नॉमिनीकडे पैसे सोपवले जातात, मालकी वारसांची. पुढं कधी घर घेतलंत तर तुझं नाव कागदावर असू दे. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर आपल्या राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

हे शिकलेल्या, नोकरीवाल्या बायकांचंच आहे असं समजू नकोस. कुंभारीला एकदा जाऊन ये. गोदूताई परुळेकरांच्या नावाची तिथं वसाहत आहे, 10 हजार घरांची. सुपात तंबाखू आणि पानं घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनी संस्था काढून, कित्येक वर्षं मोर्चे काढून ती घरं मिळवली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं आले होते. हजार विड्यांच्या हिशोबानं मजुरी मिळणाऱ्या बाईला स्वतःचं दार मिळालं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची बहीण तिथंच राहते. भावकीत कुणी आवाज चढवला की ती म्हणते, "माझ्या घरात हळू बोलायचं." हे वाक्य मी तिच्या तोंडून स्वतः ऐकलंय, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. खातं, वही, कागद, त्याला महिने लागतील, लागू देत. सासूबाईंचं मन वळायला वर्ष लागेल. पण एक गोष्ट याच आठवड्यात होण्यासारखी आहे. तुमच्याकडे येत्या शुक्रवारी पाणी आहे ना? नळातून हवा सुटली की तू आधी उठू नकोस. त्याला हलव, जागं कर, हातात घागर दे. आणि सकाळी मला फोन कर.