चार मांजरं, एक कूलर

ताईची बदली झाली आणि तिची रंगी अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आली. घरात आधीच मनी, भुरी आणि बोक्या. तीन आहेत तिथे चौथं, असा माझा हिशोब. मांजरांचा हिशोब वेगळा निघाला. त्यांच्यामुळे मला जे उमगलं, ते असं.

१. भांडण रंगीशी नव्हतंच, तिच्या वासाशी होतं. कुठला आजार सोबत येऊ नये म्हणून तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. तिघांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं, तरी दाराच्या फटीशी शेपट्या फुगवून उभे! मांजर पायाशी गाल घासतं ते निव्वळ लाडानं, अशी माझी गोड समजूत होती. त्यात लाड असतीलही, पण गालातल्या ग्रंथींचा वास लावून ते ‘हे आपलं’ अशी खूणही करत असतं. म्हणजे इतकी वर्षं मी सामानात मोजली जात होते. मग रंगीचे गाल पुसलेलं फडकं मनीच्या गादीजवळ, मनीचं रंगीकडे, असा माझा उद्योग सुरू झाला.

२. घाई फक्त मलाच होती. बंद दाराच्या दोन्ही अंगांना जेवणाच्या ताटल्या ठेवायच्या, आधी लांब, मग हळूहळू वीतभर जवळ. कोणी घास सोडून गुरगुरलं की ताटली पुन्हा मागे. ते जमलं की जाळीचं दार, आणि पुन्हा पहिल्यापासून. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यानं आलेल्या रंगीला मागच्या खोलीतून बैठकीपर्यंत यायला किती वेळ लागला, हे मोजायचं मी सोडून दिलं.

३. आवाज होतोय तोवर बरं असतं. फिसकारणं म्हणजे ‘दूर राहा’ एवढंच. समोरची सरकली की विषय संपतो. मी प्रत्येक फिसकाऱ्याला धावत जायची आणि गोंधळ वाढवायची. धास्ती बाळगावी ती मुकाट्यानं रोखलेल्या नजरेची, आखडलेल्या अंगाची, मागे चपट्या झालेल्या कानांची. तेव्हा मध्ये पुठ्ठा सरकवायचा. नजर तुटली की निम्मं भांडण तुटतं. हात मात्र घालायचा नाही. मांजराचे दात बारीक असले तरी खोल रुततात, जखम चिघळते आणि दवाखाना गाठावाच लागतो.

४. राग एकाचा, मार दुसऱ्याला. खिडकीबाहेर गल्लीतला बोका आला की मनी पेटायची, आणि त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून शेजारी झोपलेल्या भुरीवर तुटून पडायची. सुरुवातीला मी याचं खापरही रंगीवर फोडलं. अखेर खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद लावला. हा प्रकार मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मीसुद्धा ऑफिसातून घरी येतेच की.

५. वैर पुष्कळदा टंचाईतून येतं. पाण्याची भांडी वाढवली, मातीचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवले, कपाटावर, माळ्यावर बसायच्या जागा केल्या. पळायला वाट असली की लढायची गरज कमी होते. पण वऱ्हाडातला मे महिना! पारा पंचेचाळीसला टेकलेला आणि घरात कूलर एकच. आता रणकंदन होणार म्हणून मी पुठ्ठा घेऊन तयार. झालं काहीच नाही. दुपारी कूलरसमोर मनी, तिन्हीसांजेला ती उठली की रंगी. बोक्या न्हाणीघराच्या गार फरशीवर, भुरी माठाखाली. वेळापत्रक कोणी ठरवलं, देव जाणे.

६. मैत्री ही माझी गरज होती, त्यांची नव्हे. मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्यानं शिकार करणारा. पाउल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकानं मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांमध्ये आमच्या कूलरसारखंच वेळापत्रक टिपलं होतं. वाट एकच, पण वापरायच्या वेळा वेगळ्या, म्हणजे समोरासमोर यायलाच नको. एकमेकींना चाटणाऱ्या, गुंडाळून झोपणाऱ्या मांजरांची स्वप्नं मी उगाच पाहत होते. मनी आणि रंगी आजही एकमेकींना चाटत नाहीत. जिन्यात गाठ पडली तर एक थांबते, दुसरी भिंतीकडे बघत निघून जाते.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, “जमलं का वो त्यायचं?”

म्हटलं, “प्रेम नाही काकू, पण भांडण नाही.”

“मंग जमलंच नं वो! आमच्या घरी तरी याच्याहून जास्त काय जमून रायलं?”