रिपोर्टची धास्ती

करोनाच्या दोन वर्षांत आपल्याला आजाराची जेवढी भीती वाटली, त्याहून जास्त रिपोर्टची वाटली, आणि आपलं बरंचसं नुकसान या दुसऱ्या भीतीनं केलं, असं माझं ठाम मत झालं आहे. ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या वस्तीत हे अधिक जाणवतं. शिकलेली, रोज पेपर वाचणारी, घरोघरी ज्येष्ठ नागरिक आणि अनेक घरांतली मुलं परदेशी, अशी ही वस्ती. साथ समजून घ्यायला जे लागतं ते सगळं इथे होतं. तरीही अंगात ताप भरला की ‘चाचणी कुठे होते’ याआधी ‘सोसायटीत कळलं तर’ हा प्रश्न मनात यायचा. कुणाला दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. त्या धास्तीला कारण होतं आणि ते कारण कुठून आलं हे नीट पाहिलं, तरच पुढच्या साथीत आपण वेगळे वागू.

मार्च 2020 च्या मध्यावर राज्यात घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात झाली. हेतू चांगलाच होता. पण हातावरचा शिक्का ही आपल्या नजरेला संशयिताची खूण वाटते. दोन-तीन दिवसांतच असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं. त्याच महिन्यात डोंबिवलीत परदेशातून आलेला एक तरुण लग्नसमारंभाला गेला आणि पुढे बाधित निघाला. त्यानं घरी थांबायला हवं होतं, यात वाद नाही. मात्र त्याच्यावर जो राग उसळला, त्यातून बाकीच्यांनी घेतलेला धडा ‘घरी थांबा’ असा नव्हता, ‘सापडू नका’ असा होता. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत बाधित ठरणं म्हणजे दारात ॲम्ब्युलन्स, सील केलेली इमारत, जिन्यात फवारणी आणि घरच्यांची घोडबंदर रोडला भाईंदरपाड्याच्या विलगीकरण केंद्रात रवानगी, असं समीकरण होऊन बसलं. अगदी सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरी राहता येईल असं केंद्रानं 27 एप्रिलला सांगितलं खरं, पण तोवर रिपोर्ट म्हणजे शिक्षा हा अर्थ लोकांच्या मनात पक्का झाला होता. हे आपल्याकडे पहिल्यांदा घडलं असंही नाही. मार्च 2020 मध्ये राज्यानं जो साथरोग कायदा लागू केला, तो 1897 च्या प्लेगच्या वेळचा. तेव्हा पुण्यात घरात शिरून झडत्या सुरू झाल्या आणि लोक रोगी लपवू लागले. प्रकरण 22 जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावरच्या गोळीबारापर्यंत गेलं. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. दवाखान्याकडे नेणारा हात आणि झडतीसाठी दार ठोठावणारा हात यांतला फरक माणसाला लगेच कळतो, आणि तो त्याप्रमाणे दार उघडतो किंवा लावून घेतो.

सुरुवातीला कुणालाच काही माहीत नव्हतं, म्हणून कडक वागणं भागच होतं, हा आक्षेप मी मान्य करते. रोग नवा, लस नाही, खाटा अपुऱ्या. टाळेबंदीनं थोडी उसंत दिली आणि त्या उसंतीत ठाण्यात साकेतजवळ ग्लोबल हबमध्ये 1024 खाटांचं रुग्णालय जून 2020 मध्ये उभं राहिलं. म्हणून ‘टाळेबंदी हाच मूर्खपणा होता’ असं आज म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही. माझं म्हणणं एवढंच की कडकपणा रोगापुरता राहिला नाही, तो माणसावर घसरला. मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आदेश काढला, की मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी रोज ये-जा करू नये, तिकडेच राहावं. शहरातले बरेच रुग्ण मुंबईत काम करणारे होते, म्हणजे आदेशामागचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण हे कोण होते? परिचारिका, पोलीस, बेस्टचे आणि पालिकेचे कर्मचारी. मुंबईत घर परवडत नाही म्हणून डोंबिवली-कल्याणला राहणारी माणसं. विरोध झाला, आदेश मागे घ्यावा लागला. तरी ज्यांच्या जिवावर रुग्णालयं चालत होती तेच रोग आणतात, हा समज सोसायट्यांच्या जिन्यांतून उतरायला पुढे फार दिवस लागले. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले थांबवायला 22 एप्रिलला अध्यादेश काढावा लागला होता, यावरून तेव्हाची हवा कळते.

आणि ज्या एका बाधिताकडे बोट दाखवून अख्खी इमारत सुटकेचा निःश्वास टाकत होती, तो एकटा नव्हताच. जुलै 2020 मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के आणि इमारतींत सुमारे 16 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं आढळलं. म्हणजे इमारतींतही सहा-सात जणांमागे एक. त्या वेळी मुंबईत चाचणीनं सापडलेले रुग्ण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत होते. पाहणी मुंबईची असली, तरी लोकलनं जोडलेल्या ठाण्याचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. ‘बाधित’ असा फलक लागलेल्या एका दारामागे फलक न लागलेली कितीतरी दारं होती. तेव्हा शेजारच्या बाधिताला टाळून आपण सुरक्षित होतो, हा समज हिशेबानंच खोटा ठरतो. त्याला दूध-भाजी पोचवून चार दिवस घरात थांबणं सोपं केलं असतं, तर अधिक सुरक्षित झालो असतो.

लपवालपवीचं पुढचं रूप 2021 च्या एप्रिलमध्ये दिसलं. आरटी-पीसीआर केली की नाव पालिकेच्या यादीत जातं, म्हणून काही जण थेट छातीचा एचआरसीटी काढून घेऊ लागले. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न क्रिकेटचा राहिला नाही. त्यातही गोंधळ असा की एचआरसीटीचा स्कोअर 25 पैकी असतो आणि तो जितका जास्त तितकी फुप्फुसं अधिक बाधित, तर आरटी-पीसीआरमधला सीटी आकडा जितका कमी तितके नमुन्यात विषाणू अधिक. दोन्हींत ‘सीटी’ आहे म्हणून लोक एकाचा अर्थ दुसऱ्याला लावत. शिवाय पहिल्या दिवसांत फुप्फुसं स्वच्छ दिसू शकतात, आणि त्याच दिवसांत माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवत असतो. स्वच्छ एचआरसीटी खिशात घालून कामावर गेलेला माणूस म्हणून धोक्याचा. अँटिजेन चाचणीचंही तसंच. लक्षणं असताना ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायची, हा नियम पहिल्यापासून होता, पण निगेटिव्ह शब्द ऐकला की पुढचं वाक्य कुणी ऐकत नसे. ‘चाचण्या वाढवल्या म्हणून रुग्ण वाढले’ हे तर तेव्हा कट्ट्या-कट्ट्यावर ऐकू येई. त्याला उत्तर बाधितांच्या प्रमाणात आहे. शंभर चाचण्यांत पाच बाधित आणि हजार चाचण्यांत पन्नास, हे एकच चित्र मोठं करून पाहणं झालं. हजारात अडीचशे निघाले, तर साथ खरंच वाढली आहे. जून 2021 मध्ये राज्यानं निर्बंधांचे पाच स्तर ठरवले ते याच प्रमाणावर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटांवर. दुकान किती वाजेपर्यंत उघडं राहील हे ज्या आकड्यावर ठरत होतं, तो आकडा चाचणी टाळून आपणच बिघडवत होतो.

मृत्यूंच्या आकड्यांबाबत तर एकाच इमारतीत दोन उलट्या शंका नांदत होत्या. कुणी म्हणे पालिका आकडे फुगवते, कुणी म्हणे दडवते. शंकेला जागा नव्हती असं नाही. 16 जून 2020 ला राज्यानं आधी न धरलेले 1328 मृत्यू एकदम यादीत घातले, त्यांतले 862 मुंबईतले. ‘करोनानं गेला की करोना असताना गेला’ हा वाद त्या काळात संपता संपत नसे. या वादातून बाहेर पडायची वाट म्हणजे कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजणं. देशात 2018 मध्ये सुमारे 69.5 लाख मृत्यू नोंदले गेले, 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख आणि 2021 मध्ये 102 लाखांहून अधिक. नोंदणी दर वर्षी सुधारते, लोकसंख्याही वाढते, हे मान्य. पण आधी वर्षाला पाच-सात लाखांनी चढणारा आकडा एका वर्षात एकवीस लाखांनी चढला, आणि दोन्ही वर्षं मिळून करोनाचे अधिकृत मृत्यू मात्र सुमारे 4.81 लाखच. एवढी मोठी तफावत नुसत्या सुधारलेल्या नोंदणीनं भरून निघत नाही. आकडे फुगवले म्हणणाऱ्यांचा दावा इथे टिकत नाही. दडवले म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की न मोजलेल्यांत चाचणीच न झालेले, घरीच गेलेले, कारण लिहून न घेतलेलेही आहेत. त्यांची नोंद राहिली, यात घरच्या लपवालपवीचाही वाटा असणार.

याची किंमत पुढे कागदावर मोजावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना 50 हजार रुपयांचं साहाय्य ठरलं आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक अर्ज आले. अधिकृत मृत्यू तेव्हा सुमारे 1.41 लाख होते. सप्टेंबर 2021 च्या नियमांनुसार चाचणीच्या किंवा डॉक्टरांनी निदान केल्याच्या तारखेपासून तीस दिवसांतला मृत्यू करोनाचा धरायचा होता. ज्यांच्याकडे रिपोर्ट होता त्यांचं काम सोपं झालं, बाकीच्यांना जुनी बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, एचआरसीटीची फिल्म शोधत बसावं लागलं. म्हणून माझं सांगणं कागदापासून सुरू होतं. पालिका देते त्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते डॉक्टरांनी भरायच्या वेगळ्या प्रमाणपत्रात असतं, रुग्णालयात नमुना 4 आणि घरी मृत्यू झाला तर 4-अ. ते काय लिहिलं आहे हे दुःखाच्या त्या तासातही घरातल्या कुणीतरी विचारावं आणि नोंदणी एकवीस दिवसांच्या आत करावी. अखेरच्या दर्शनाबाबतही असंच. 15 मार्च 2020 च्या केंद्राच्या सूचनांत कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवावा, स्पर्श न करता धार्मिक विधी करू द्यावेत, राखेपासून धोका नाही आणि ती गोळा करता येईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. नियम एवढं देत असताना किती घरांनी भीतीनं लांबूनच हात जोडले. चेहरा पाहिला असता, तर त्याच वर्षी ठाण्यात गाजलेली मृतदेहांच्या अदलाबदलीची घटनाही कदाचित टळली असती. पुढच्या वेळी सोसायटीनं पहिल्या आठवड्यात जी सभा घ्यावी, तिच्या विषयपत्रिकेवर सॅनिटायझरच्या खर्चाआधी दोन नावं असू द्यावीत: बाधित घराला डबा कोण पोचवणार, आणि एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे कागद कुणाकडे असणार.