पापणीची समजूत

डोळ्याजवळ चिलट आले, की पापणी आपोआप मिटते. प्रथमच कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यास या दक्ष पहारेकऱ्याचीच समजूत घालावी लागते. तेथे बळजबरी चालत नाही. बोट जितक्या घाईने पुढे येते, तितकी पापणी घट्ट मिटते.

प्रथम हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. भिंग तर्जनीच्या टोकावर ठेवून न्याहाळावे. ते वाटीसारखे दिसले तर सुलट. कडा बशीप्रमाणे बाहेर झुकल्या तर उलट. मग दुसऱ्या हाताने वरची पापणी केसांच्या मुळाशी धरून उचलावी, भिंगाच्या हाताच्या मधल्या बोटाने खालची ओढावी आणि दृष्टी स्थिर ठेवून भिंग बुबुळावर हलकेच टेकवावे. अश्रूंचा पातळ थर त्याला धरून ठेवतो. ते डोळ्यामागे जाईल ही भीती व्यर्थ होय. पापणीचे अस्तर आत वळून नेत्रगोलालाच जोडलेले असते.

आजचे भिंग बहुधा मऊ असते, हे नवशिक्याचे भाग्य! १८८८ साली अडोल्फ फिक या जर्मन नेत्रवैद्याने काचेची भिंगे आधी सशांच्या व नंतर स्वतःच्या डोळ्यांत घातली. ती फार वेळ सोसवत नसत. १९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांचे यंत्र जुळवून घरीच मऊ भिंगे घडविली.

भिंगाला नळाचे पाणी मात्र लावू नये. त्यातील सूक्ष्म जीव डोळ्यास व्रण करू शकतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो बराचसा प्राणवायू हवेतूनच घेतो. म्हणून निजण्यापूर्वी भिंग काढावयाचे असते, आणि तेव्हा पापणीची पुन्हा एकदा समजूत घालावी लागते.