औषध पुरं, मात्रा पुरी

फवारलेल्या भिंतीवर डास जिवंत दिसला की लोक म्हणतात, "डासांना औषधाची सवय झाली." पोरी, तू आता गडचिरोलीत हिवतापाच्या कामावर रुजू होते आहेस, तेव्हा हे वाक्य तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. डासाला सवय होत नाही. त्याचं आयुष्य तेवढं नसतंच. हजार माद्यांत एखादीच्या अंगात जन्मतःच औषध पचवायचा किंवा चुकवायचा गुण असतो. बाकीच्या मरतात, ती उरते आणि अंडी घालते. चार पावसाळ्यांत गावभर तिचीच वीण दिसायला लागते.

आपल्याकडच्या क्युलिसिफेसिस डासाने डीडीटीला दाद न दिल्याची पहिली नोंद पंचमहालातली, १९५९ची. डीडीटी फवारणारी देशाची हिवताप नियंत्रण मोहीम सुरू झाली होती १९५३ साली. किती थोडी वर्षं पुरली, बघ.

डासाच्या नसांमध्ये सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. डीडीटी ते दार मिटू देत नाही, म्हणून डास तडफडून पडतो. डेल्टामेथ्रिनही नेमकं तेच करतं. त्या दाराच्या जनुकात एक अक्षर बदललं, १०१४व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन आलं, की दोन्ही औषधांची पकड एकदमच ढिली होते. याला केडीआर म्हणतात. म्हणून डीडीटी चालेनाशी झालेल्या गावात डेल्टामेथ्रिन नेलंस तर निर्धास्त राहू नकोस, आधी चाचणी घे. मॅलॅथिऑनची मारायची जागा निराळी, नसांतल्या एका विकरावर. औषध बदलायचं तर त्याची मारायची जागा बदलते आहे का, ते विचार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केडीआरची एकच प्रत, आईकडून किंवा बापाकडून, मिळालेला डास पुऱ्या मात्रेत बहुधा मरतो. अर्ध्या मात्रेत तो वाचतो. असे दोन एकत्र आले की सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्ही प्रती घेऊन जन्मतं, आणि त्याला पुरी मात्राही पुरत नाही. पातळ फवारणी ही न केलेल्या फवारणीहून वाईट, असं मी म्हणतो ते यासाठी. डेल्टामेथ्रिन दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम पडलंच पाहिजे. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायला लाव. पावडर तळाशी बसते, बादली ढवळत राहायला सांग. दुपारनंतर माणसं थकतात, पंपाचा दाब उतरतो. त्या वेळी तू स्वतः उभी राहा.

आणि सारवण! सणाच्या तोंडावर बाया भिंती शेणामातीने सारवतात, त्याखाली औषध गाडलं जातं. त्यांच्यावर ओरडू नकोस, घर नीट ठेवणं हा त्यांचा हक्क आहे. फवारणीची तारीख आधी कळव, म्हणजे त्या अगोदर सारवून घेतील. कीटकनाशक मच्छरदाणी मात्र सावलीतच वाळवायची; उन्हात औषध लवकर उतरतं.

धानाच्या बांध्यांत काय फवारतात, तेही कृषी केंद्रात विचारून ठेव. ते पाण्यात उतरतं, आणि तग धरणाऱ्या डासांची निवड अळीपासूनच सुरू होते.

चाचणीसाठी पहाटे गोठ्यातून डास धरशील, तेव्हा जात आधी ओळख. सबपिक्टस जातीचा डास मिसळला तर आकडा खोटा ठरतो. औषधाच्या नळीत तासभर ठेव, मग २४ तास साखरपाण्यावर. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर औषध चालतं, ९० टक्क्यांखाली मेले तर प्रतिकार पक्का, मधलं असेल तर पुन्हा तपास. बिनऔषधाच्या नळीत २० टक्क्यांहून जास्त मेले तर ती चाचणी टाकून दे, कितीही मेहनत गेली असली तरी.

प्रतिकार दिसला की त्याच गावच्या डासांना आधी पीबीओच्या कागदावर तासभर ठेव, मग डेल्टामेथ्रिन दे. पीबीओ डासाची औषध पचवणारी विकरं रोखतं. आता जास्त मेले, तर दोष पचवण्यातही आहे, आणि पीबीओच्या मच्छरदाण्या मागायला तुझ्या हाती पुरावा आहे. फारसा फरक पडला नाही तर केडीआरचा संशय धर. जिवंत आणि मेलेले डास वेगवेगळ्या कुप्यांत सिलिका जेलवर सुकव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिही, आणि जनुक तपासणीला दोन्ही पाठव. नुसते जिवंत पाठवलेस तर तुलना कशाशी करणार?