शंका-समाधान : घरात लस न घेऊ शकणारं मूल असेल तर

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. तिला गोवराची लस सध्या द्यायची नाही, असं डॉक्टर म्हणतात. धाकटा दीड वर्षाचा आहे. त्याला लस दिली तर तिला बाधेल का? (एक आई, कल्याण)

उत्तर : नाही बाधणार. त्याचा दुसरा डोस मुळीच लांबवू नका. गोवर-रुबेला लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. केमोने प्रतिकारशक्ती खचलेल्या मुलीला तोही भारी पडू शकतो, म्हणून तिला ही लस नाही. भावाला टोचलेला लशीतला गोवराचा विषाणू मात्र त्याच्याकडून तिला लागत नाही.

खरा गोवर तसा नाही. लस न घेतलेल्यांत एक रुग्ण 12 ते 18 जणांना तो देतो. रुग्ण लिफ्टमधून खोकून गेला, तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून लागण होते. ‘आजारी मुलाला लांब ठेवू’ म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आजूबाजूच्या साधारण 95 टक्के लोकांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. मग विषाणूला पुढचं माणूस सापडत नाही आणि तुमच्या लेकीपर्यंतची वाट तुटते.

शहराच्या सरासरीवर विसंबू नका. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीत साथ उसळली, भिवंडी-ठाण्यातही रुग्ण निघाले. कोविडच्या काळात डोस चुकलेली मुलं एकाच वस्तीत जमली की एवढं पुरतं.

मुलीचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आलाच, तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवा. सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं.

प्रश्न : सोसायटीतल्या सगळ्या मुलांनी लस घेतली आहे. मग आमच्या नातवाला कशाला? (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर : आजोबा, असा हिशेब चार घरांनी केला की 95 टक्के उरत नाहीत. त्या उरलेल्या पाच टक्क्यांत नऊ महिन्यांखालची बाळं आणि वरच्या पत्रातल्या मुलीसारखी मुलं मोडतात. धडधाकट नातवाने त्यांची जागा अडवू नये. आणि धनुर्वातात तर शेजाऱ्याची लस कामाचीच नाही, तो जखमेत गेलेल्या मातीतून होतो. नातवाचं लसीकरण कार्ड काढून बघा. राहिलेला डोस महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो.